एका जाणकाराच्या सांगण्यावरून

बोदलकसा, ता. तिरोडा, जि. गोंदिया
६ जानेवारी २००९

प्रिय धनेंद्र,

आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. आमच्याकडे मोबाइल लागतो तो फक्त ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर, आणि तिथे बसलेल्यांना ऐकवायचं असं हे बोलणं नाही. शाळेच्या संगणकावरून मेल करायची तर मागे दोन मास्तर मान वाकडी करून उभे. म्हणून पोस्टाच्या पेटीला त्रास दिला.

आपल्या धाकट्या बहिणीचं, सोनिकाचं लग्न मोडलं. दिवाळीनंतर आमगावच्या हरिणखेड्यांच्या खेमराजशी सुपारी फुटली होती, हे तुला मामींनी सांगितलंच असेल. मुलगा कृषी सहायक, माणसं बरी, अक्षय तृतीयेचा मुहूर्त. मागच्या आठवड्यात मुलाचे आजोबा गोरेगावला आमच्या घरी, बाबूजींकडे आले. त्या दिवशी मीही तिथे होते. पिशवीतून एक कागद काढून त्यांनी बाबूजींच्या मांडीवर ठेवला. तू समाजाची म्हणून जी साइट चालवतोस, तिचं पान होतं ते. 'टेंभरे आणि हरिणखेडे ही दोन्ही कुळे मुळात एकाच पुरुषाच्या दोन मुलांची. माळव्यातून निघताना वेगळी झाली. म्हणून यांच्यात सोयरीक होत नाही.' आणि खाली कंसात: 'एका वयोवृद्ध जाणकाराच्या सांगण्यावरून.'

आजोबा म्हणाले, "पोरगी लाखात एक आहे बापा. पण बहिणीले सून कशी करू?"

तुला सांगायला नको, आपल्यात कुळ एक निघालं की शेत, नोकरी, पत्रिका सगळं गुंडाळून ठेवायचं. बाबूजी तर थिजलेच. सोनिका आत भाकरी थापत होती, तिनं तव्यावरून नजर उचलली नाही.

आता माझं ऐक. यंदा मी नववीच्या वर्गाला एक नवीन गोष्ट शिकवायला घेतली आहे. झालं असं, एका मुलानं प्रकल्पात लिहिलं की बोदलकशाच्या तलावात मगरी आहेत. त्याचा बाप रोज त्याच तलावात जाळं टाकतो! विचारलं तर म्हणतो, "नेटवर आहे ना मॅडम." तेव्हापासून आम्ही नेटवरचं काहीही वाचलं की प्रश्न विचारतो. कोणी लिहिलं? त्याला कसं कळलं? कधी लिहिलं? आणि लिहून त्याला काय मिळालं?

उद्यापासून वर्गात तुझं पान आहे. पहिले तीन प्रश्न मुलं विचारतील. चौथा मी तुलाच विचारते, आणि उत्तर सरळ दे. आणि कोण हा तुझा जाणकार?

तुझी ताई,
ओमेश्वरी


नागपूर
१७ जानेवारी २००९

ओमेश्वरीताई,

सादर प्रणाम. हे पत्र होतं की समन्स? वाचता वाचता मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

सोनिकाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तू तर मीच लग्न मोडलं अशा थाटात लिहिलंस. ताई, मी ही साइट रविवारी बसून चालवतो, पदरचे पैसे घालून. घरात बायको म्हणते, समाजानं तुला काय दिलं. आता तूही तेच विचारून राहिलीस, फक्त शुद्ध मराठीत.

माहिती मी मनानं लिहीत नाही. साइटवर एक जागा ठेवली आहे, 'आपल्या कुळाबद्दल सांगा.' लोक तिथे लिहून पाठवतात, ते मला मेलनं येतं. बरं वाटलं तर चढवतो. ही ओळही तशीच आली. पाठवणारा माणूस जाणता आहे, आपल्यातला आहे आणि मला त्याच्याबद्दल आदर आहे. नाव सांगणार नाही. त्यांनी नाव छापू नये असं लिहिलं होतं आणि मी ते पाळतो. यात तुझ्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं असं समज. मला काही मिळालेलं नाही.

आणि एकट्या माझ्यावर का डोळे वटारतेस? आणखी तीन साइटवर हेच लिहिलं आहे. तीन साक्षीदार म्हणजे कोर्टातसुद्धा पुरतात.

एक विचारू का? रागावू नकोस. फुफाजी काय म्हणतात? तुझ्या बाबूजींना फार वाईट वाटलं का, की जे झालं ते झालं असं म्हणतात? मोठी माणसं कधी कधी मनातलं तोंडावर आणत नाहीत. घरातल्या माणसांना जरा नीट पाहून घे, एवढंच म्हणतो.

सोनिका रडते का? तिला माझा आशीर्वाद सांग. नको, राहू दे.

तुझा,
धनेंद्र


बोदलकसा
३ फेब्रुवारी २००९

प्रिय धनेंद्र,

तुझे तीन साक्षीदार वर्गात हजर केले.

चारही पानं छापून फळ्यावर शेजारीशेजारी चिकटवली. मुलांना म्हटलं, चार ठिकाणी एकच लिहिलं आहे, मग खरं मानायचं का? अर्ध्या वर्गानं हो म्हणून हात वर केले. राजदीप म्हणाला, "पण मॅडम, तिघायनं एकाच्याच तोंडून आयकलं असन तं?" शाब्बास म्हटलं, पण हे दाखवणार कसं? मग अलका मेश्राम फळ्यापाशी गेली, आणि बराच वेळ नाक लावून उभी राहिली. ही पोरगी बोलते कमी आणि बघते फार. म्हणाली, "मॅडम, चारही पानाच्या खाली फोन नंबर एकच आहे."

तो तुझा नंबर आहे, धनेंद्र. तुझ्या साक्षीदारांनी मजकूर उचलताना खालचा 'संपर्क साधा'ही उचलला. वर्ग हसून हसून बाकांवर पडला. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

हसू तिथेच संपलं. अलकानं बसता बसता विचारलं, "मॅडम, लिहिणाऱ्याले का भेटलं ते आपण विचारतो. पण लगन मोडल्यानं कोणाचं बरं झालं, हे काऊन नाही विचारत?"

ते मी विचारते आहे. तुझ्या बायकोच्या भावाचं स्थळ मागच्या वर्षी सोनिकासाठी आलं होतं. बाबूजींनी नाही म्हटलं आणि तुझ्या सासऱ्यांना ते झोंबलं, हे साऱ्या नात्याला ठाऊक आहे. आता सोनिका मोकळी झाली. जाणत्या माणसाचं नाव तू सांगत नाहीस. वरून मला म्हणतोस, घरातल्यांना नीट पाहून घे. पाहतेच आहे, आणि नागपूरच्या घराकडेही पाहते आहे.

सोनिका रडत नाही. कॉलेजसाठी माझ्याकडेच राहते ना, तेव्हा रोज पाहते. नीट जेवते, घरातली कामं करते, बसनं तिरोड्याला जाते. पहाटे उठून तलावाच्या पाळीवर फिरायला जाते, येते ती घामानं भिजून. मी काही बोलत नाही. पोरीनं मन घट्ट केलं आहे.

पण हे एकट्या सोनिकावर थांबलेलं नाही. माझ्या वर्गात तिलोत्तमा आहे. तिची आई रामकली टेंभऱ्यांची मुलगी, हरिणखेड्यांच्या घरात दिलेली. तुझं पान गावात पोचल्यापासून बसमध्ये पोरं तिलोत्तमाला म्हणतात, "तुझा बाप तुझा मामा." चार दिवस पोर शाळेत आली नाही. मग रामकली स्वतः आली. वर्गाच्या दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "मॅडम, म्हाताऱ्या सासूनं माझ्या हातचं पाणी सोडलं. इतक्या वर्षाचा माझा संसार, आता पाप होय म्हणते. कोण लिहिलं हे? मले त्याच्या दारात नेऊन उभं करा फक्त."

कोणाच्या दारात नेऊ तिला, धनेंद्र? तुझ्या?

ओमेश्वरी


नागपूर
१४ फेब्रुवारी २००९

ताई,

या वेळी प्रणाम वगैरे राहू दे. माझ्या मेव्हण्याचं बालाघाटला जमलं आहे, दसऱ्यालाच. पत्रिका छापायला गेली आहे, तुला येईलच. त्याला सोनिका मोकळी झाली काय नि न झाली काय. एवढं एक फोन करून माझ्या आईला, तुझ्या मामींना, विचारलं असतंस तर कळलं असतं. मुलांना शिकवतेस चौकशी करा म्हणून, आणि स्वतः मात्र पहिल्या संशयावर शिक्का मारून मोकळी. माझ्या बायकोनं तुझं पत्र वाचलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. लहानपणी फुफूकडे आलो की तू मला पाठीवर घेऊन तलावावर नेत होतीस. त्या ताईनं हे लिहावं याचं मला फार लागलं.

रामकलीबाईंचं वाचून मात्र माझा राग बसला. मला हे सुचलंच नव्हतं. कुळांची नावं मी यादीसारखी पाहत होतो, त्यांत नांदणारी माणसं असतात हे डोक्यात आलं नाही.

म्हणून आता सांगतो. सांगायचं नव्हतं, तुझ्यासाठीच सांगायचं नव्हतं. त्या मेलच्या खाली नाव होतं. छोटेलाल टेंभरे. गाव, तालुका, वय, सगळं बरोबर.

फुफाजी, ताई. तुझे बाबूजी.

त्यांना मेल लिहिता येत नाही हे मला माहीत आहे. कोणाकडून तरी लिहवून घेतली असेल, असं मी धरलं. मनात म्हटलं, फुफाजींना स्थळ मनातून पसंत नसावं, आणि सुपारी फोडून बसले म्हणून नाही म्हणता येत नसावं. तसा माणूस सरळ बोलणार नाही, वाट काढेल. मग मी कोण विचारणारा? चढवलं आणि गप्प बसलो. तुझे टोमणे खाल्ले, पण त्यांचं नाव काढलं नाही.

आता ती ओळ मी काढायची का, हे तू फुफाजींना विचारून सांग. त्यांचा शब्द मी परस्पर कसा खोडू?

धनेंद्र


बोदलकसा
१ मार्च २००९

प्रिय धनेंद्र,

आधी माफी मागते. वहिनीची वेगळी मागेन, समोर येऊन. तू बाबूजींना झाकत होतास आणि मी तुलाच ठोकत होते.

पण बाबूजी नव्हेत ते.

तुझं पत्र वाचून मी दोन रात्री कुशी बदलत होते. मग रविवारी गावी गेले. सरळ विचारायची हिंमत झाली नाही. बापाला असं कसं विचारायचं? नुसती बसून राहिले, त्यांच्याकडे बघत. खाटेवर त्यांचा मोबाइल वाजला तर माझ्याकडे ढकलून म्हणाले, "हे वाजते कायले ते पाह्य." उघडून पाहिलं तर दसऱ्यापासूनचे निरोप न वाचता पडलेले. लग्नासाठी बाजूला काढलेला चिन्नोर तांदूळ अजून ढोलीत तसाच आहे, विकवत नाही म्हणतात. मी उठताना म्हणाले, "माझ्या पोरीचं जमलेलं मोडलं, अन् तेही साळ्याच्या पोराच्या हातानं. त्याले मी कडेवर खेळवलं गा." असा माणूस गुपचूप मेल पाठवून नामानिराळा होतो? मला नाही पटत. तुझ्या पानापेक्षा माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास आहे.

आणि ती ओळ खोटी आहे, हे आता वर्गानं दाखवलं आहे. अलकानं सुचवलं, "घरोघरी विचारू ना मॅडम, टेंभऱ्याची पोरगी हरिणखेड्यात कोण कोण दिली ते. एक कुळ असतं तं म्हाताऱ्यायनं देली असती का?" मुलं आपापल्या गावांत हिंडली. तिलोत्तमा सगळ्यांत पुढे. जिथे विचारलं तिथे एखादं तरी घर निघालं. आजीच्या पिढीतली, पणजीच्या पिढीतलीसुद्धा. आणि आमगावला ज्या मुलाचा मामा आहे त्यानं काय शोधून आणावं? खेमराजच्या आजोबांची स्वतःची आई टेंभऱ्यांची होती! म्हातारबाबा आईचं माहेर गावाच्या नावानं ओळखत होते, कुळाच्या नावानं कधी विचारच केला नाही.

हे सगळं मी त्यांना कळवलं. निरोप आला, चैत्रात पुन्हा येतो, झालं गेलं विसरून बोलू. बाबूजी लहान मुलासारखे खूश आहेत. सोनिकाला सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. पोरीचा अजून विश्वास बसत नसेल.

आता राहिलं एकच. बाबूजींच्या नावानं लिहिलं कोणी? मला वाटतं दुधरामकाका. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, बाबूजींशी त्यांचं बोलणं बंद आहे, आणि त्यांच्या मुलाचं गोरेगावात झेरॉक्सचं दुकान आहे, संगणकासकट. तू ती मेल जशीच्या तशी छापून पाठव. भाषेवरून मी माणूस ओळखेन. आणि ओळ आजच काढून टाक.

तुझी,
ओमेश्वरीताई


बोदलकसा
६ मार्च २००९

धनुभाऊ,

मी सोनिका. माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. ताईच्या पर्समध्ये तुझं पत्र होतं, ते मी वाचलं. वाचायला नको होतं. ती तुझ्याकडे मेल मागते आहे हेही मला माहीत आहे. नको पाठवू. ती पहिल्या ओळीतच ओळखेल, कारण तिचे प्रश्नपत्रिकेचे कागद मीच टाइप करून देते. दर रविवारी शाळेत. त्याच संगणकावरून मी लिहिलं.

बाबूजीचं नाव टाकलं कारण माझं टाकलं असतं तर तू चढवलं नसतं. दिवाळीत ताई जेवताना सांगत होती, म्हाताऱ्या माणसाचं नाव आणि गाव दिसलं की लोक पुढे विचारत नाहीत, हीच मोठी अडचण आहे. ते मी लक्षात ठेवलं.

मला पोलीस भरतीत जायचं आहे भाऊ. फॉर्म भरला आहे. ताईला वाटते मी फिरायला जाते, पण मी पाळीवर धावते. गोंदियाला एप्रिलमध्ये मैदानी चाचणी आहे. लग्न झाल्यावर आमगावचे पाठवतील का? खेमराज वाईट नाहीत. पण त्यांच्या आईनं सुपारीच्या दिवशीच सांगितलं, आमच्या घरी सून चुलीपाशी शोभते.

बाबूजीला सांगायला दोनदा गेले. ते लग्नाच्या तांदळाचं बोलत होते. त्यांचं तोंड पाहून परत आले. ताईला सांगणार होते, पण ती तर माझं लग्न वाचवायला लढून राहिली. तिला कसं सांगू?

रामकलीबाईचं कळल्यापासून मला जेवण जात नाही. मला खरंच असं काही होईल वाटलं नव्हतं. मला वाटलं, एकच लग्न मोडेल, माझं. तरी भाऊ, चाचणी होईपर्यंत ओळ ठेव आणि मेल सापडत नाही म्हण. पाया पडते. मग मी स्वतः सगळं निस्तरेन.

तुझी बहीण,
सोनिका


नागपूर
१८ मार्च २००९

प्रिय ओमेश्वरीताई,

प्रणाम. उशीर झाला, ऑफिसात मार्चचं काम आहे.

मेल शोधली, सापडत नाही. मधे मी जुनं बरंच साफ केलं, त्यात गेली असावी. दुधरामकाकांच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. ते नाहीत. कसं माहीत म्हणून विचारू नकोस. नाहीत एवढं खरं.

ओळ काढायचं म्हणतेस, तर थोडे दिवस थांबशील का? एप्रिलच्या मध्यापर्यंत. साइटवर काही तांत्रिक काम चालू आहे.

मुलांनी घरोघरी विचारून जे शोधलं, ते वाचून मी चाट पडलो. तू या कामात फार पुढे गेलीस. आमगावला विचारलंस, बाबूजींना पाहिलंस, मला तर उलटं टांगलंस. सोनिकाला काही विचारलंस का, ताई? एकदा तरी?

बाकी ठीक.

धनेंद्र


गोरेगावहून, बाबूजींच्या घरून
७ एप्रिल २००९

प्रिय धनेंद्र,

तुला खोटं बोलता येत नाही. तांत्रिक काम म्हणे. पत्र वाचून मी आधी तुझ्यावर जळफळले, पुन्हा संशय घेतला, पाकीटसुद्धा उलटंसुलटं करून पाहिलं. मग तुझा तो शेवटचा प्रश्न डोक्यात रुतून बसला. लग्न मोडल्यानं कोणाचं बरं झालं, हा अलकाचा प्रश्न मी तुझ्या सासरला लावला, बाबूजींना लावला, दुधरामकाकांना लावला. माझ्या घरात झोपणाऱ्या पोरीला नाही लावला.

एका पहाटे ती पाळीवरून आली तशी मी दारातच तिला विचारलं, "सोनिका, लग्न मोडल्यानं तुझं बरं झालं का?" ती धापा टाकत होती. म्हणाली, "हो." एवढंच. मग खाली बसली आणि रडली. सुपारी मोडल्यावर जी रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

मला खूप राग आला, धनेंद्र. माझंच शिकवणं घेऊन तिनं मला फसवलं. बापाचं नाव वापरलं. रामकलीच्या घरात आग लावली. आणि रागाच्या खाली मला लाजही वाटली, की ही गोष्ट तिला मला सांगता आली नाही. संध्याकाळी मी म्हटलं, आमगावचे येत आहेत, काय करायचं? ओळ खरी म्हणून मी सांगणार नाही, तुझं लग्न मोडत असलं तरी नाही. ती म्हणाली, नको सांगू.

रविवारी ते आले. आजोबा, खेमराज, त्याची आई. मी मुलांनी जमवलेलं सगळं सांगितलं. आजोबांना आईचं माहेर आठवून डोळ्यांत पाणी आलं. बाबूजी तर उठून तांदळाची ढोली दाखवायला निघाले. तेवढ्यात आजोबांनी विचारलं, "मंग लिहिलं तं लिहिलं कोणं?"

माझ्या ओठांवर 'असेल कोणी रिकामटेकडा' असं आलं होतं. सोनिका आतून आली. पदर नाही, ट्रे नाही, हात मोकळे.

"मी लिहिलं आजोबा. बाबूजीच्या नावानं."

"काऊन व बाई?"

"मले आता लगन नाही करायचं. पोलीस भरतीची चाचणी द्यायची आहे. दिवाळीपासून साऱ्यायनं मले सारं विचारलं. शालू कोणत्या रंगाचा पायजे तेही विचारलं. लगन करतेस का, हे कोणी नाही विचारलं."

खेमराजची आई उठलीच. खेमराज मात्र बसून होता. म्हणाला, "तू एक फोन करायचा होता मले. मीच लगनाले नाही म्हटलं असतं."

"तुमचा नंबर बाबूजीजवळ होता," सोनिका म्हणाली. त्यानं आजोबांचा हात धरून त्यांना उठवलं. चहा तसाच राहिला.

बाबूजी गोठ्यात जाऊन बसले. जेवायला हाक मारली तरी आले नाहीत. आईनं सोनिकाला दोन थापडा दिल्या आणि मग स्वतःच जवळ घेऊन बसली. मी शाळेत रजा कळवून इथेच राहिले. घरात मयत झाल्यासारखं होतं.

सोनिकानं साइटसाठी मजकूर लिहिला आहे, सोबत पाठवते. 'टेंभरे व हरिणखेडे एक कुळ आहेत ही माहिती खोटी आहे. ती मी मनाने लिहिली होती. या दोन कुळांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या आहेत आणि त्यात काही गैर नाही. ज्यांना त्रास झाला त्यांची मी माफी मागते.' खाली तिचं पूर्ण नाव. मी म्हटलं, नाव नको टाकू. उद्या तुला स्थळ येईल तेव्हा हे पान कोणीतरी काढेल, लोक जन्मभर बोट दाखवतील. 'माहिती चुकीची होती' एवढं पुरे. तर म्हणते, "रामकलीबाईच्या सासूले तेवढ्यानं नाही पटणार ताई. खोटं कोण बोललं ते दिसलं पायजे." आमचं यावरून ओसरीवर चांगलंच वाजलं.

बाबूजी गोठ्याच्या दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. म्हणाले, "काय लिहिलं ते वाच." मी वाचून दाखवलं. ते सोनिकाकडे न पाहता, माझ्याकडे पाहत म्हणाले, "तिचं एकटीचं नाव कायले? माझंही टाक. माझी पोरगी होय ते. पहिल्या बारीले माझं नाव मले न पुसता टाकलं होतं. आता मी सांगून राहिलो, टाक."

तेव्हा ओळ आज काढ, हे चढव, आणि खाली दोन्ही नावं लिही. आधी सोनिकाचं, मग छोटेलाल टेंभरे. ज्यांनी तुझं उचललं त्या तिघांनाही पाठव. छापील कागद मी स्वतः रामकलीच्या घरी नेऊन देणार आहे, सोनिका बरोबर येते म्हणते.

चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. गोंदियाला मैदानावर सकाळी लवकर पोचावं लागतं, इथून पहिली बस उशिरा सुटते. बाबूजींनी आज शेजारच्या श्यामलालला त्याची मोटरसायकल मागितली आहे. कोणासाठी ते सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

तुझी,
ओमेश्वरीताई